महाबळेश्वरचा पाऊस: साडेपाच मीटर पाणी आणि मे महिन्यातली टंचाई

जुलैत सातारा जिल्ह्याच्या बातम्यांत रोज तीन आकडे हमखास सापडतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथं गेल्या चोवीस तासांत पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. कोयना धरणात किती पाणी येणार याचा अंदाज या तीन नोंदींवरून बांधता येतो. आपण आकडा वाचतो, "भरतंय धरण" म्हणतो आणि पान उलटतो. पण १५० मिलिमीटर म्हणजे नक्की किती पाणी, ते कुठून आलं आणि कुठं गेलं, हे कळलं की महाबळेश्वरचं एक कोडं सुटतं. वर्षाला साडेपाच मीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात मे महिन्यात लोक वेण्णा तलावाची पातळी काळजीने का बघत असतात?

आधी मिलिमीटर समजून घेऊ. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, जमिनीत मुरलं नाही, वाफ होऊन उडालं नाही, तर जमिनीवर त्याचा जेवढा थर साचेल तेवढे मिलिमीटर. हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर सुमारे ९३ चौरस मीटरचं असतं. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर, म्हणजे जवळजवळ एक दहा हजारी टँकर एका दिवसात एका घरावर ओतला गेला.

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'मुसळधार' सुरू होतो, ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत मुसळधार'. आता महाबळेश्वरची जुलैची सरासरी बघा: साधारण २,००० मिलिमीटर. भागिले ३१. उत्तर येतं ६४.५. म्हणजे पुणे-सोलापूरकडे ज्या पावसाची बातमी होते, तो इथं जुलैतला सरासरी दिवस. अर्थात प्रत्यक्षात पाऊस असा समान वाटून येत नाही. चार दिवस २०-३० मिलिमीटरची भुरभुर आणि मग दोन दिवस दोनशेच्या वर, अशीच त्याची चाल. २२ जुलै २०२१च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत इथं ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापुरात अख्ख्या वर्षात साधारण एवढाच पाऊस पडत असेल.

भिंतीवर आदळलेली हवा

महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे आणि त्याची पश्चिम बाजू कोकणात जवळजवळ सरळ तुटते. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारं वारं या कड्याला येऊन धडकतं. मोसमी वाऱ्याचा सर्वांत जोरकस पट्टा जमिनीलगत नसतो, तो साधारण दीड किलोमीटर उंचीच्या आसपास असतो. म्हणजे महाबळेश्वर नेमकं त्या पट्ट्याच्या तोंडाशी आहे. तिथं ताशी ४० ते ६० किलोमीटर वेगाने ओली हवा येत राहते, तासन्‌तास, दिवसेंदिवस.

कड्यापुढे हवेला जायला वाट एकच, वर. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते, आणि फुगणारी हवा गार होते. ढग बनण्याआधी दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी, ढग बनू लागल्यावर ४-५ अंशांनी. गार हवेत कमी बाष्प मावतं, उरलेलं थेंब होऊन बाहेर पडतं. कोकणातली जुलैची हवा आधीच इतकी दमट असते की काहीशे मीटर चढल्याबरोबर ढग होतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर येताना मध्येच एका वळणानंतर काचेवर धुकं दाटतं, ते खरं म्हणजे धुकं नव्हे. गाडी ढगात शिरलेली असते. पुढे गावातसुद्धा तीन महिने तोच ढग जमिनीला टेकून बसलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा इथंच थाटली, त्याचं एक कारण हेच. इतरत्र ढगातले थेंब मोजायला विमान लागतं, इथं ढगच उपकरणापाशी येतो.

या ढगांची उंची फारशी नसते. वरची पातळी बहुतेक वेळा बर्फ होण्याच्या उंचीखालीच राहते. त्यामुळे जुलैतल्या पावसात गडगडाट जवळजवळ नसतो, विजा नाहीत, गारा नाहीत. नुसतं बारीक थेंबांचं, वाऱ्याने आडवं केलेलं, न थांबणारं पाणी. छत्री इथं शोभेची वस्तू. रेनकोट आणि गमबूट हवेत. भिंतींनाही रेनकोट लागतो, म्हणून घरांच्या आणि दुकानांच्या पश्चिम बाजूला पूर्वी गवताचं आणि आता प्लॅस्टिकचं आच्छादन मेअखेर बांधून घेतात. वरून येणारं पाणी छप्पर अडवतं, पण आडवं येणारं पाणी जांभ्याच्या भिंतीतून आत झिरपतं.

कडा ओलांडला की हिशोब उलटा होतो. बरंच पाणी आधीच पडून गेलेलं असतं, आणि उताराने खाली येणारी हवा तापते, तापली की ढग विरतात. महाबळेश्वरपासून पाचगणी रस्त्याने १९-२० किलोमीटर, पण तिथला वर्षाचा पाऊस सुमारे १,७०० ते १,८०० मिलिमीटर. पसरणी घाट उतरून आणखी बारा किलोमीटरवर वाई, तिथं ७०० ते ८००. पुढे माण-खटावात तर ५००च्या आसपास. एक जिल्हा, आणि पावसात दहापटीहून जास्त फरक. जुलैच्या एखाद्या दुपारी वाईच्या घाटावर कोरडं ऊन असतं आणि पश्चिमेला डोंगराच्या माथ्यावर करड्या ढगाची भिंत उभी दिसते, तिच्यापलीकडे त्याच वेळी पन्हळी धो-धो वाहत असतात.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस महाबळेश्वरला, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते बरोबर नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीची सरासरी याहून जास्त आहे.

वर्षभराचा पंचांग-पाऊस

वर्षाच्या पावसातला सुमारे ९५ टक्के भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पण या चार महिन्यांची तऱ्हा एकसारखी नाही.

जूनची सरासरी साधारण ८५० मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा दुसऱ्या पंधरवड्यातला. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, मोसमी वारे सर्वसाधारणपणे त्याच सुमाराला इथं पोचतात, तरी खरा जोर धरतात ते आर्द्रात, २१-२२ जूननंतर. काही वर्षं हे वेळापत्रक पार मोडतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, मृगाला जवळजवळ दोन आठवडे बाकी असताना. (पावसाची नक्षत्रं सूर्याच्या ताऱ्यांमधल्या जागेवरून ठरतात, ऋतूंवरून नाही. त्यामुळे इंग्रजी तारखेच्या मानाने ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. चारशे वर्षांपूर्वीचं मृग जूनच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच लागत असणार.)

जुलै, म्हणजे पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस. नावं काहीही असोत, म्हातारा इथं तरण्याला हार जात नाही. पश्चिम किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळपर्यंत कमी दाबाचा लांबट पट्टा तयार झाला की वारा कड्यावर काटकोनात येतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र बनून ते ओडिशा-छत्तीसगडकडून पश्चिमेला सरकू लागलं, तर अरबी समुद्रावरचं वारं आणखी खेचलं जातं. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचे दोन-तीन दिवस घाटमाथ्यावर दोनशेच्या वरचे आकडे येण्याची शक्यता बळावते. अंदाज वाचताना 'लाल-नारिंगी-पिवळा' एवढंच बघण्यापेक्षा या दोन ओळी शोधाव्यात, त्यांतून कारण कळतं.

ऑगस्टची सरासरी १,७०० च्या घरात. पण ऑगस्टातच मोठ्या उघडिपी पडतात. कमी दाबाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेला की बिहार-उत्तराखंडात पूर येतात आणि इथं आठ-दहा दिवस नुसती भुरभुर. उघडीप म्हणजे ऊन असं मात्र समजू नये. ढग तसाच बसलेला असतो, फक्त त्याच्यातून फार काही गळत नाही.

सप्टेंबरात पाऊस सातशेच्या आसपास येतो आणि त्याची जातही बदलते. सकाळी स्वच्छ, दुपारी ढग, संध्याकाळी गडगडाट. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांचा खरा पाऊस तर हाच. माण-खटावात सप्टेंबर हा बहुतेक वर्षी सर्वांत ओला महिना असतो. महाबळेश्वर उतरणीला लागतं तेव्हा माण तालुक्यातल्या दहिवडीचा पावसाळा भरात येतो. हस्तापर्यंत, म्हणजे २६-२७ सप्टेंबरपासून पुढे, पश्चिमेचं वारं मोडतं. ऑक्टोबरच्या दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटरला विजांची साथ असते.

नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ कोरडे. वारं ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतं, त्यात बाष्प नसतं. बंगालच्या उपसागरातली किंवा अरबी समुद्रातली चक्रीवादळं एखाद्या वेळी ढग पाठवतात, तो अवकाळी. एप्रिल-मे वळवाचे. दिवसभर जमीन तापते, दुपारी तीननंतर ढग उंच चढतात, अर्ध्या तासात वीस-तीस मिलिमीटर आणि क्वचित गारा. वळीव एका वाडीत कोसळतो आणि शेजारच्या वाडीत धूळ तशीच. मेची सरासरी चाळीस-पन्नास मिलिमीटरच. जुलैपुढे चिल्लर. पण तलावाच्या हिशोबात याच चिल्लरीला मोल आहे.

भरलेला हंडा

वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. क्षेत्र सुमारे २८ एकर. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही गावांना पाणी इथूनच जातं. २८ एकर म्हणजे १ लाख १३ हजार चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस नुसत्या तलावाच्या पृष्ठभागावर पडला तरी १ लाख १३ हजार लिटर, म्हणजे अकरा टँकर. शंभर मिलिमीटरच्या दिवशी अकराशेहून जास्त. भोवतालच्या उतारांवरून वाहून येणारं पाणी वेगळंच.

म्हणून जोर धरल्यावर तलाव काही आठवड्यांतच काठोकाठ भरतो. बहुतेक वर्षी जूनअखेर किंवा जुलैत तो सांडव्यावरून वाहू लागतो, मोठ्या पावसात काठालगतच्या पाचगणी रस्त्यावरही पाणी येतं. त्यानंतर पडणारा प्रत्येक थेंब वेण्णा नदीतून खाली जातो. हंडा भरल्यावर नळ कितीही वेळ सुरू ठेवला तरी हंड्यात एक वाटी जास्त मावत नाही. ऑगस्टात पाऊस ठरलेल्यापेक्षा पाचशे मिलिमीटर जास्त पडला काय आणि कमी पडला काय, पुढच्या मे महिन्यातल्या नळाला त्याचा फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, पाऊस संपतो कधी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरी आल्या तर तलाव तोवर भरलेला राहतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दडी मारली तर उपसा सव्वा महिना आधी सुरू होतो. दोन, पुढच्या वर्षी सुरू कधी होतो. मधले साडेसात-आठ महिने साठ्यावर काढायचे असतात. त्यात पर्यटकांची गर्दी नेमकी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात, म्हणजे सगळीच कोरड्या काळात. उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला ४-५ मिलिमीटर वाफ होऊन जाते. तलाव पूर्ण पसरलेला धरला तर पाच मिलिमीटर म्हणजे साडेपाच लाख लिटर, कुणीही न पिता. त्यामुळे मेमधला ४० मिलिमीटरचा वळीव या गावाला जुलैतल्या ४०० मिलिमीटरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मग जमिनीखालचं पाणी? पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे, भोकाभोकांचा, स्पंजासारखा. पाणी त्यात झरझर उतरतं. खाली चिकण थर आणि मग काळा कातळ, तिथं ते अडतं आणि आडवं सरकत उताराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचे उगम अशाच जागी आहेत. पण स्पंज भरतो लवकर तसा गळतोही लवकर. दिवाळीत खळाळणारे बरेच झरे फेब्रुवारी-मार्चपर्यंत बारीक होतात. वरच्या झाडीची पानं आणि कुजकी माती पाणी थोपवून धरतात, ती गेली की पाणी जांभ्यात उतरायच्या आत उतारावरून निघून जातं आणि जाताना माती तलावात नेऊन टाकतं. गाळाने तलावाची खोली कमी होते, म्हणजे हंडाच लहान होतो.

उरलेलं पाणी कुठं जातं ते एका पाणलोट रेषेवर ठरतं. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब सावित्रीतून महाडमार्गे काही तासांत बाणकोटच्या खाडीत. पूर्वेला पडलेला वेण्णेतून संगम माहुलीला कृष्णेत, किंवा कोयनेतून कराडला कृष्णेत, मग सांगली, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हणूनच घाटमाथ्यावर सलग तीन-चार दिवस दोनशे-अडीचशेचे आकडे आले की सांगलीत आयर्विन पुलाची पातळी बघायला गर्दी होते. तिथं ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. जुलै २०२१ मध्ये हे दोन्ही बाजूंनी एकदम झालं. महाड बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली, आंबेनळी घाट जागोजागी तुटला आणि कृष्णाकाठी पूर आला.

दरड एका दिवसाच्या पावसाने क्वचितच सुटते. आधीच्या आठ-दहा दिवसांत माती पाण्याने गच्च झालेली असते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून मातीची पकड सुटत आलेली असते, मग एक मोठा दिवस पुरतो. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा एकाएकी थांबणं, उतारावर नव्या भेगा, झाडं-खांब कलणं, ही लक्षणं दिसली तर तिथून ताबडतोब हलावं. सलग मुसळधार दिवसांनंतर घाटरस्त्याचा प्रवास पाऊस थांबला तरी एक दिवस पुढे ढकलावा. पाणी आतून उतरत असतंच.

स्ट्रॉबेरी आणि गोठलेलं दव

पाऊस कधी संपतो याची घाई तलावाइतकीच स्ट्रॉबेरीवाल्यांना. लागवड सप्टेंबरात, गादीवाफे उंच करून, वर मल्चिंग पेपर आणि खाली ठिबक. गादी उंच का, तर मुळाशी पाणी उभं राहिलं की रोप सडतं. परतीचा पाऊस लांबला तर लागवड मागे पडते आणि नाताळच्या बाजाराला फळ गाठत नाही. फळं लागल्यावर अवकाळी आला तर दोन-तीन ढगाळ दमट दिवसांत फळावर करडी बुरशी चढते. पाऊस दहाच मिलिमीटर असतो, नुकसान पानं-फुलं ओली राहिल्याने होतं.

डिसेंबर-जानेवारीत 'वेण्णा तलावावर हिमकण' ही बातमी येते, आणि शेजारीच हवामान खात्याचा आकडा असतो ७-८ अंश. दोन्ही खरं असू शकतं. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकते आणि हवेपेक्षा कितीतरी गार होते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात साचते. पहाटे बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, तो बर्फ पडलेला नसतो. दव तिथल्या तिथं गोठलेलं असतं. ढग असले किंवा वारा सुटला तर दव गोठत नाही, वाऱ्याने गावात थंडी जास्त बोचली तरी.

घरी पाऊस मोजायचा तर

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि नोंद वाचली त्या तारखेच्या नावावर पडते. '२३ जुलैचा पाऊस' यात बहुतेक पाणी २२ तारखेचं असतं, वाद घालण्याआधी हे बघावं.

साधन फार लागत नाही. १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं म्हणजे २०१ चौरस सेंटिमीटर तोंड. खाली कॅन, शेजारी मापाचं भांडं. जमलेले मिलिलिटर भागिले तोंडाचं क्षेत्रफळ, गुणिले दहा. एक लिटर जमला तर १,००० ÷ २०१ × १० = सुमारे ५० मिलिमीटर. घाटमाथ्यावर पहिली चूक होते ती कॅनच्या आकाराची. पाच लिटरचा कॅन या नरसाळ्याखाली २५० मिलिमीटरला भरतो आणि नेमका मोठ्या दिवसाचा आकडा ओसंडून जातो. खात्याच्या पर्जन्यमापकांतही जास्त पावसाच्या जागी लहान तोंड आणि मोठी बाटली वापरतात. १०० चौरस सेंटिमीटर तोंडाखाली दहा लिटरची बाटली, म्हणजे एक हजार मिलिमीटरपर्यंत.

दुसरी चूक जागेची. झाडाखाली पानांवरचं पाणी ठिबकतं, गच्चीच्या कोपऱ्यात वारा थेंब उडवून नेतो. जवळची झाडं-भिंती जितक्या उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडावं. जमिनीलगत ठेवलं तर शिंतोडे आत उडतात, म्हणून तोंड फूटभर उंच आणि पाणसळीत. तरीही इथल्या आडव्या पावसात नरसाळं खऱ्यापेक्षा कमीच पकडतं.

एखाद्या सकाळी नोंद राहिलीच तर दोन दिवसांची बेरीज लिहून शेजारी 'दोन दिवसांची' अशी खूण करावी. दोनने भागून रोजचे आकडे बनवले की मुसळधार दिवस कागदावरून नाहीसा होतो.